पदपथाविना उपनगर

अमेरिकेंत मुलाकडे अथवा मुलीकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांस तेथील अनुभव विचारावा, तर थंडीची व एकटेपणाची तक्रार तीं करतातच. परंतु तिच्या जोडीला आणखी एक गाऱ्हाणें बहुधा निघतें. घर प्रशस्त, अंगण प्रशस्त, रस्ता गुळगुळीत, झाडें सुंदर. पण सकाळीं फिरावयास निघावें तर चालावें कोठून? रस्त्याच्या कडेला पदपथच नाहीं. एका बाजूस लोकांची राखलेली हिरवळ, दुसऱ्या बाजूस मोटारी, आणि या दोहोंच्या मधून डांबराच्या कडेकडेनें अंग चोरून चालावयाचें. ज्या देशानें चंद्रावर माणसाला चालविलें, त्याच देशांत घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जातां येऊं नये, हें कोडें त्यांस उलगडत नाहीं. आणि 'तेथें सर्वांजवळ गाड्या असतात' एवढ्या उत्तरावर तीं आपलें समाधान करून घेतात.

हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. गाड्या न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्येंही आहेत, आणि तेथें पदपथावर माणसांची रीघ लागलेली असते. बरें, पदपथ करावयाचा विसरला असेंही म्हणतां येत नाहीं. गटाराची रुंदी आणि दिव्याच्या खांबांतील अंतर आधीं कागदावर आंखून मगच वसाहत उभी करणाऱ्या लोकांच्या हातून एवढी ढळढळीत वस्तु नजरचुकीनें राहून जाणें संभवत नाहीं. पदपथ राहिला नाहीं. तो वगळण्यांत आला. तो कोणीं, केव्हां व कशासाठीं वगळला हें पाहूं लागलें, कीं रस्ता मुळांत कोणाचा, हा एक जुना तंटा त्यांतून वर येतो.

पदपथ ही वस्तु मोटारीहून पुष्कळच जुनी आहे. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरांत रस्त्यांच्या दोहों बाजूंस उंच पदपथ आजही पहावयास सांपडतात, आणि रस्ता ओलांडतांना पाय घाण होऊं नयेत म्हणून मध्यें ठेवलेले मोठमोठे दगडही दिसतात. पुढें युरोपांत ही सोय बहुतेक लुप्त झाली. लंडनसारख्या शहरांत अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी वहिवाट होती, कीं ज्यानें त्यानें आपापल्या दारापुढील फरसबंदी आपण करावी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. एकाच्या दारीं दगड, दुसऱ्याच्या दारीं खडी, तिसऱ्याच्या दारीं खड्डा! १७६२ सालीं वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांसाठीं पार्लमेंटनें कायदा करून हें काम घरमालकांकडून काढून घेतलें व आयुक्तांच्या हातीं सोंपविलें. त्यानंतर तेथें सलग, सपाट, वाहनांच्या वाटेहून उंच असे पदपथ होऊं लागले. चार वर्षांनीं खुद्द लंडन नगरीनें तेंच केलें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कारण लंडननें सोडून दिलेली वहिवाट अमेरिकेंतील असंख्य शहरांनीं पुढें दीर्घकाळ चालू ठेविली. रस्ता सरकारचा, पण घरापुढील पदपथाचा खर्च, दुरुस्ती आणि त्यावरचें बर्फ काढण्याचें काम मात्र घरमालकाचें, असा तेथील सर्वसाधारण नियम झाला.

तथापि एकोणिसाव्या शतकांत या नियमाविरुद्ध फारशी कुरकुर होण्याचें कारण नव्हतें. घोड्यांची लीद व गुडघाभर चिखल ज्यानें पाहिला आहे, त्याला फळ्यांचा कां होईना, पण कोरडा पदपथ म्हणजे मोठेंच सुख वाटावयाचें. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें पायीं चालणारे, घोडेस्वार व गाड्या यांच्या वाटा पुलांच्या योजनेनें एकमेकींपासून वेगळ्या काढणाऱ्या ऑल्मस्टेड व व्हॉक्स या जोडीनें १८६९ सालीं शिकागोजवळ रिव्हरसाइड नांवाचें उपनगर आंखलें. अमेरिकन उपनगराचा हा आद्य नमुनाच म्हणावयाचा. वळणावळणाचे रस्ते, झाडी, मोकळीं अंगणें हें सारें रूप तेथूनच पुढें पसरलें. आणि त्या रूपांत चालण्याच्या वाटांना मानाचें स्थान होतें. पुढें १८८८ सालीं व्हर्जिनियांतील रिचमंड शहरीं फ्रँक स्प्रेग यानें विजेच्या ट्रामगाड्या यशस्वी करून दाखविल्या, आणि ट्रामच्या रुळांच्या आधारानें गांवोगांव उपनगरें वाढलीं. ट्राम दारापर्यंत येत नाहीं. ती नाक्यावर सोडते, तेथून घर चालत गांठावें लागतें. त्यामुळें ट्रामच्या काळांतील उपनगरांत पदपथ हा जमिनीची किंमत वाढविणारा गुण होता, आणि भूखंड विकणारे लोक आपल्या जाहिरातींतून त्याचा आवर्जून उल्लेख करीत. अशा वसाहती आजही ओळखूं येतात: घरें जवळजवळ, रस्त्याच्या दोहों बाजूंस झाडांची रांग, आणि तिच्या सांवलींतून जाणारी चार-पांच फुटांची वाट.

मग मोटार आली. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ सालीं निघाली व १९२७ पर्यंत तिचे दीड कोटी नग बाहेर पडले. या मधल्या वीस वर्षांत अमेरिकन रस्त्यावर जो प्रकार घडला त्याचा इतिहास पीटर नॉर्टन या अभ्यासकानें २००८ सालच्या आपल्या 'फायटिंग ट्रॅफिक' या ग्रंथांत फार मार्मिकपणें सांगितला आहे. आज आपल्याला वाटतें, रस्ता वाहनांचा असतो आणि माणसानें तो संभाळून ओलांडावयाचा असतो. त्या वेळीं ही समजूत नेमकी उलट होती. रस्ता सर्वांचा होता. तेथें मुलें खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसें वाटेल तेथून पलीकडे जात, आणि धडक दिली तर दोष गाडीवाल्याचा मानला जाई. मुलें मोटारींखालीं मरूं लागलीं तेव्हां शहरें संतापलीं. सिनसिनाटी शहरांतील ४२,००० नागरिकांनीं १९२३ सालीं अर्ज करून मागणी केली, कीं ताशीं २५ मैलांहून अधिक वेगानें जाऊंच शकणार नाहीं असें यंत्र प्रत्येक मोटारीला बसवावें. मोटारव्यापाऱ्यांचे धाबे दणाणले. त्यांनीं एकजूट करून मोठी प्रचाराची मोहीम काढली व मतदानांत ती मागणी पाडली.

त्यानंतर मोटारवाल्यांनीं जो डाव टाकला तो खरोखर अभ्यासनीय आहे. त्यांनीं एका शब्दाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. 'जे' म्हणजे गांवंढळ, शहराची रीत न कळणारा मनुष्य. त्यावरून वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्यास 'जेवॉकर' म्हणण्याचा प्रघात त्यांनीं रूढ केला. ज्याला काल लोक अपघाताचा बळी म्हणत, तो आज अडाणी ठरला! १९२५ सालीं लॉस एंजेल्स शहरानें पायीं चालणारांवर निर्बंध घालणारा वाहतुकीचा कायदा केला, व तो इतर शहरांस कित्ता झाला. शब्दांनीं मनुष्याचा हक्क कसा हिरावला जातो याचें याहून चांगलें उदाहरण मला आठवत नाहीं. पायीं चालणारा मनुष्य रस्त्याच्या मध्यभागावरून असा हुसकला गेला. पण त्याच्यासाठीं कडेची पट्टी तरी अद्याप शिल्लक होती. ती जाण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

मध्यें एक प्रयोग असा झाला, कीं तो सर्वत्र पसरला असता तर ही हकीकत निराळी झाली असती. न्यू जर्सी राज्यांत फेअर लॉन गांवच्या हद्दींत १९२९ सालीं रॅडबर्न नांवाची वसाहत उभी राहूं लागली. तिचे रचनाकार क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट. 'मोटारयुगाचें नगर' हें तिचें बिरुद होतें. परंतु त्याचा अर्थ त्या दोघांनीं मोटारीसाठीं नगर असा घेतला नाहीं. मोटार आली आहे, ती जाणार नाहीं, तेव्हां माणसाला तिच्यापासून सुरक्षित कसें ठेवावयाचें, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनीं घरें लहान लहान बंद गल्ल्यांभोवतीं बांधलीं. मोटार गल्लींतून घराच्या मागल्या दाराशीं यावयाची. बैठकीच्या खोल्यांचीं तोंडें मात्र विरुद्ध बाजूस, बागेकडे. बागेंतून पायवाटा निघत, त्या एका विस्तीर्ण सामाईक उद्यानांत जाऊन मिळत, आणि जेथें मोठा रस्ता आडवा येई तेथें त्या रस्त्याखालून भुयारी वाट काढलेली असे. एकही रस्ता न ओलांडतां मूल घरून शाळेंत पोंचावें, ही त्यांतली प्रतिज्ञा होती. पंचवीस हजार लोकवस्तीचा संकल्प सोडलेला. पण पहिलीं कुटुंबें राहावयास आलीं त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. वसाहतीचा थोडाच भाग पुरा झाला, आणि बांधणाऱ्या संस्थेचें पुढें दिवाळें वाजलें. जो भाग बांधून झाला तो मात्र टिकला. २००५ सालीं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यांत आला.

रॅडबर्नचें अनुकरण झालें. पण तें अर्धवट. वळणदार रस्ते आणि एका टोकाला बंद असलेल्या गल्ल्या उचलण्यांत आल्या, कारण त्यांनीं रस्त्याचा खर्च वांचतो व परकी रहदारी आंत शिरत नाहीं. बागा आणि पायवाटा मात्र सोडून दिल्या, कारण त्यांत विकतां येणारी जमीन अडकते. म्हणजे शरीर घेतलें आणि प्राण टाकला.

हें अर्धें अनुकरण देशभर रुजविण्याचें काम एका सरकारी खात्याकडून झालें. १९३४ सालीं मंदीच्या काळांत 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन' या संस्थेची स्थापना झाली. तिनें स्वतः घरें बांधलीं नाहींत, कीं कर्जेंही दिलीं नाहींत. बँकांनीं दिलेल्या गृहकर्जांचा विमा मात्र उतरविला. कर्जदार बुडाला तरी बँकेचे पैसे सरकार भरून देणार. साहजिकच ज्या वसाहतीचा आराखडा या संस्थेला पसंत, तेथें कर्ज स्वस्त व सुलभ. जो नापसंत, तेथें बांधणाराचे हाल. १९३८ सालीं तिनें काढलेल्या एका पुस्तिकेचें नांवच 'प्लॅनिंग प्रॉफिटेबल नेबरहुड्स', म्हणजे नफ्याच्या वसाहती कशा आंखाव्या! तींत चौकटीचौकटींचे जुने रस्ते वाईट व वळणदार रस्ते चांगले, असें नकाशे समोरासमोर छापून दाखविलें होतें. एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे, कीं या संस्थेनें पदपथ निषिद्ध केला नव्हता. परंतु जेथें सर्व गणित घरामागें पडणाऱ्या खर्चाचें, तेथें खर्चाची कोणती बाब प्रथम कापली जाईल हें सांगावयास नको.

शिवाय दुसरा एक निर्णय याच्याही आधीं लागून चुकला होता. १९२६ सालीं 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर' या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, घरें एकीकडे, दुकानें दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे अशी सक्तीची विभागणी करण्याचा गांवांचा अधिकार मान्य केला. कारखान्याचा धूर घरांत येऊं नये हें ठीकच; पण त्याबरोबर कोपऱ्यावरचा वाणी, न्हावी आणि चहाकॉफीचें दुकान हींही हद्दपार झालीं. पदपथाला जावयास ठिकाणच उरलें नाहीं. आजही कोणी नव्या उपनगरांत पदपथ मागितला, तर 'त्यावरून जावयाचें कोठें?' असा प्रश्न विचारण्यांत येतो, आणि तो अगदींच गैरवाजवी नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, घरांची प्रचंड टंचाई पडली, आणि शेतांवर रातोरात वसाहती उगवल्या. १९५६ च्या महामार्गाच्या कायद्यानें त्या आणखी दूर पसरविल्या. कित्येक वसाहतींत पदपथ झाले, कित्येकांत एकाच बाजूस झाले, व पुष्कळांत झालेच नाहींत. गांवोगांवच्या नियमांत एक कलम सर्रास दिसूं लागलें, कीं जेथें भूखंड मोठे व घरें विरळ, तेथें पदपथाची सक्ती नाहीं. यांतला विनोद असा, कीं जसजशी संपत्ति वाढे तसतसा पदपथ नाहींसा होई. लहान घरांच्या वस्तींत तो आहे, मध्यम वस्तींत अर्धा आहे, आणि एकराच्या आवारांत उभ्या असलेल्या हवेल्यांपुढें त्याचा मागमूस नाहीं. पदपथ हें शहराचें लक्षण. आपण तर शहर सोडून खेड्याच्या शांततेंत आलों. मग तें लक्षण दारांत कशास, अशी ही भावना होती व आहे. जुन्या वहिवाटीचाही येथें संबंध पोंचतो: पदपथ झाला कीं त्यावरचें बर्फ मालकानें काढावयाचें, आणि कोणी घसरून पडला तर कोर्टाची पायरीही कदाचित् त्यानेंच चढावयाची. पदपथ नसलेलाच बरा!

याच्या तळाशीं आणखीही कांहीं आहे, तें अधिक अप्रिय आहे. पायीं येणारा मनुष्य कोण? ज्याच्याजवळ मोटार नाहीं तो. म्हणजे गरीब, नोकर, परका. ज्या संस्थेनें नफ्याच्या वसाहतींचे नकाशे काढले, तिनेंच १९३८ च्या आपल्या नियमावलींत निरनिराळ्या वंशांच्या लोकांची सरमिसळ होऊं न देणाऱ्या करारांची शिफारस केली होती. ते करार न्यायालयांतून अंमलांत आणण्यास सर्वोच्च न्यायालयानें मनाई केली ती १९४८ सालीं. पदपथ नसणें हें कृष्णवर्णीयांस दूर ठेवण्याचें साधन म्हणूनच योजलें गेलें, असें सरसकट म्हणणें धाडसाचें होईल. खर्चाची काटकसर व ग्रामीण थाटाची हौस एवढ्यानेंही पुष्कळ उलगडा होतो. पण अनोळखी पायांची चाहूल नको असणाऱ्या वसाहतीला पदपथाची उणीव भासली नाहीं, इतकें खास.

ही चाहूल संशयास्पद कशी झाली, हें एका कथालेखकानें फार लवकर ओळखलें. रे ब्रॅडबरी हे लॉस एंजेल्समध्यें राहत असून त्यांनीं आयुष्यांत मोटार चालविली नाहीं. एकदां मित्राबरोबर रात्रीं चालत जात असतां पोलिसानें त्यांस हटकलें. त्या प्रसंगावरून त्यांनीं लिहिलेली 'द पेडेस्ट्रिअन' ही कथा १९५१ सालीं प्रसिद्ध झाली. भविष्यकाळांतल्या एका शहरांत एक लेखक रोज रात्रीं एकटाच चालावयास निघतो. घराघरांतून माणसें पडद्यापुढें बसलेलीं. पदपथावर गवत माजलेलें. आणि केवळ चालण्याच्या अपराधाबद्दल एक निर्मनुष्य पोलिसगाडी त्याला उचलून वेड्यांच्या इस्पितळाकडे घेऊन जाते. दहा वर्षांनीं, १९६१ सालीं, जेन जेकब्स यांनीं अमेरिकन शहरांवरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत पदपथाच्या उपयोगांस एकदोन नव्हे, तीन प्रकरणें दिलीं. त्यांचें म्हणणें साधें होतें. पदपथ माणसाची जाण्यायेण्याची सोय करतो हें त्याचें सर्वांत लहान काम. त्यावर दुकानदार, म्हाताऱ्या बायका, खेळणारीं मुलें यांची जी सहज नजर असते तिच्यामुळें गल्ली सुरक्षित राहते. तेथेंच अर्धवट ओळखीचीं माणसें एकमेकांस मान डोलावतात. आणि परक्या मोठ्या माणसाचेंही ऐकावयाचें असतें हें मुलें तेथेंच शिकतात. वाडा आणि आळी ज्यांनीं अनुभवली आहे अशा आपल्या वाचकांस हें कोणी परक्यानें समजावून सांगावयास नको; पण अमेरिकेंतील नगररचनाकारांस तें एका पदवीहीन बाईनें सांगावें लागलें.

याची झळ कोणाला लागली? अर्थात् ज्यांना मोटार चालवितां येत नाहीं त्यांना. १९६९ सालीं अमेरिकेंतील पांच ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं पायीं वा सायकलीनें शाळेंत जात. २००९ सालीं हें प्रमाण शेंकडा १३ वर आलें. शाळा दूर गेल्या हेंही त्याचें एक कारण आहे. रस्त्यावर वाहनांच्या धडकेनें मरणाऱ्या पायीं चालणारांची संख्या २००९ सालीं ४,१०० च्या सुमारास होती. ती २०२२ सालीं ७,५०० वर गेली. हीं सारीं मरणें पदपथाच्या अभावींच झालीं असें नाहीं. गाड्याही उंच व अवजड झाल्या आहेत. आणि हेंही खरें, कीं बंद गल्लीच्या आंत धोका फारसा नसतो. गल्ली जेथें संपते व चार-सहा पदरी रस्ता लागतो तेथें यम उभा असतो. कारण बसचा थांबा त्या रस्त्यावर, दुकान त्या रस्त्यावर, आणि पदपथ बहुधा त्या रस्त्यावरही नाहीं.

१९६५ च्या कायद्यानें आशियांतील लोकांस अमेरिकेचें दार मोकळें झाल्यावर जे मराठी डॉक्टर व इंजिनियर तेथें गेले, त्यांतील पुष्कळांनीं अशाच तयार उपनगरांत घरें घेतलीं. न्यू जर्सींतील एडिसन हें गांव आपल्या लोकांच्या परिचयाचें आहे; १९५४ पर्यंत त्याचें नांव रॅरिटन टाउनशिप होतें, पुढें तें थॉमस एडिसनच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. तेथल्या ओक ट्री रोडवर हिंदी दुकानांची रांग लागली आहे, व तेथें भारतीय माणसें हातांत पिशव्या घेऊन पायीं हिंडतांना दिसतात. पण त्या रस्त्यापर्यंत पुष्कळांना यावें लागतें तें मोटारींतूनच. मुलगा व सून कामावर गेलीं, कीं घरीं राहिलेल्या आजीआजोबांचा दिवस खिडकीशीं जातो. त्याच राज्यांत उत्तरेकडे रॅडबर्न आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

आतां झालेली चूक दुरुस्त कां करीत नाहींत? करूं पाहतात, पण तेथें एक चमत्कारिक अडचण येते. रस्त्याची सरकारी हद्द डांबराच्या कडेला संपत नसून ती दोहों बाजूंस कांहीं फूट आंत गेलेली असते. त्या पट्टींत घरमालकानें पन्नास वर्षें हिरवळ राखली, गुलाब लावले, टपालाची पेटी पुरली. ती आपलीच जमीन, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. नगरसभेनें पदपथाचा ठराव आणला, कीं आपलें अंगण हिसकावून घेतात म्हणून लोक सभेंत धांवून येतात. १९९० सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचाही येथें उपयोग होत नाहीं. जेथें पदपथ आहे तेथें चाकांच्या खुर्चीसाठीं उतार करण्यास तो भाग पाडतो. जेथें पदपथच नाहीं तेथें तो नव्यानें बांधा असें मात्र तो सांगत नाहीं.

थोडीं गांवें मात्र १७६२ च्या वेस्टमिन्स्टरच्या वाटेनें निघालीं आहेत. न्यूयॉर्क राज्यांतील इथाका या विद्यापीठाच्या गांवानें २०१३ सालीं दारापुढील पदपथाचा भार एकट्या मालकावरून काढून गांवाचे विभाग पाडले, आणि प्रत्येक विभागांतील सर्व मालमत्तांवर वार्षिक वर्गणी बसविली. दारीं पदपथ असो वा नसो, वर्गणी सर्वांना. कोलोरॅडोंतील डेन्व्हर शहरीं २०२२ सालीं हाच प्रश्न मतास टाकण्यांत आला. पदपथांची दुरुस्ती व जेथें ते नाहींत तेथें नवी बांधणी, असा तो प्रस्ताव मतदारांनीं पसार केला. आकारणी कशी करावी यावर पुढें दोन वर्षें वाद चालला. प्रथम घरापुढील लांबी मोजून पैसे घ्यावयाचे ठरलें होतें, तेव्हां कोपऱ्यावरच्या घरवाल्यांनीं ओरड केली. अखेर साधारण घरांस एकच ठराविक रक्कम नक्की झाली, आणि २०२५ पासून ती वसूल होऊं लागली.